घरात छोटी रेल्वे उभारायचीय, कसारा घाट जमेल का?

जेलरोडची_आई

नमस्कार मंडळी. माझा मुलगा सातवीत आहे. दर रविवारी सकाळी नाशिकरोड स्टेशनच्या पुलावर उभा राहून इंजिनांचे नंबर वहीत टिपतो. तीन वह्या भरल्या आहेत. आता त्याला घरात चालणारी रेल्वे हवी आहे, आणि तीसुद्धा कसारा घाट: बोगदे, दरी आणि वरून जाणारी पंचवटी एक्सप्रेस.

मागच्या खोलीत भिंतीला लागून ८ फूट बाय ४ फूट जागा मोकळी करता येईल. शिवणकाम करते, त्यामुळे हाताने बारीक काम करायची सवय आहे, पण वायरिंग कधी केलेलं नाही. एका दुकानात चौकशी केली तर त्यांनी एकदम मोठा संच, दोन इंजिनं आणि डिजिटल कंट्रोलर घ्या असं सांगितलं. परदेशी माल, किंमत ऐकून मी परत आले. दोन महिन्यांत खोक्यात भरून माळ्यावर जाईल असं काही नको आहे. कोणता स्केल घेऊ, आधी काय घेऊ आणि डोंगर कशाचे करायचे?

मालगाडी_निवृत्त

ताई, मुलाच्या त्या वह्या जपून ठेवा. मीही असाच पुलावरून सुरुवात केली आणि पुढे मालगाडीचा ड्रायव्हर झालो. घाटात पुष्कळ वर्षं गाडी चालवली, म्हणून घाटाबद्दलच आधी सांगतो.

कसारा ते इगतपुरी चढ ३७ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर. म्हणून तर कसाऱ्याला गाडीच्या मागे तिला ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. आता हेच घरात बघा. एचओ स्केलमध्ये (१:८७, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान) एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर मध्ये साधारण ७५ मिलिमीटर मोकळी उंची लागते. खऱ्या घाटाचाच चढ धरला तरी तेवढं वर जायला पावणेतीन मीटर रूळ हवा आणि खाली यायला तेवढाच. तुमच्या ८ बाय ४ वर एक लंबगोल बसेल, त्याची एकूण लांबी साडेपाच मीटरच्या आसपास. सगळा रूळ चढण्या-उतरण्यातच संपला. स्टेशनला सपाट जागाच उरली नाही. आणि छोट्या इंजिनाला इतका चढ झेपतही नाही, २ टक्क्यांच्या (५०ला १) वर चार डब्यांतच त्याची चाकं घसरायला लागतात.

दुसरी अडचण पंचवटीची. आयसीएफचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा २१.३ मीटरचा, एचओमध्ये २४५ मिलिमीटर. संचात येणारं वळण बहुधा ४५७ मिलिमीटर त्रिज्येचं किंवा त्याहूनही घट्ट असतं. इतका लांब डबा त्यावर गेला की मधला भाग आत आणि टोकं बाहेर, नजरेला खुपतं आणि कपलिंगही ओढलं जातं. वळणाची त्रिज्या डब्याच्या तिप्पट असावी, असा साधा हिशोब मी धरतो.

म्हणून मी तुम्हाला एकलहऱ्याच्या वीज केंद्राची कोळशाची सायडिंग (मुख्य रुळातून फुटणारा बाजूचा रूळ) करा म्हणेन. तुमच्या जेल रोडपासून जवळच आहे, मुलाने ते बघितलंही असेल. कोळशाचा उघडा बॉक्सएन वॅगन पावणेअकरा मीटरचा, म्हणजे एचओमध्ये १२३ मिलिमीटर. तो त्या घट्ट वळणावर सुरेख फिरतो. एक लंबगोल, आतल्या बाजूला दोन सायडिंग, दोन पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे), एक डिझेल इंजिन, सहा वॅगन. इंजिन पुढून काढून मागे लावायचं, भरलेले वॅगन आत सोडायचे, रिकामे बाहेर आणायचे. मुलाला रोज काहीतरी काम राहील. नुसती गोल गोल फिरणारी गाडी आठवड्यात कंटाळवाणी होते, हे मी माझ्या नातवात पाहिलंय.

कंट्रोलर साधा १२ व्होल्ट डीसीचा घ्या. इंजिन घेताना मात्र ‘डीसीसी रेडी’ लिहिलेलं बघा, त्यात डिकोडरची, म्हणजे डिजिटल कंट्रोलरचे हुकूम समजणाऱ्या चिपची जागा असते. पुढे डिजिटल करायचं झालं तर इंजिन बदलावं लागत नाही. रूळ निकल सिल्व्हरचे घ्या. पितळी रूळ स्वस्त मिळतात, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात चटकन काळे पडतात आणि गाडी अडखळते. रूळ घासायला सँडपेपर वापरू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती फडक्यावर घेऊन पुसा.

वायरिंगचं मनावर घेऊ नका. टेबलाखालून दोन जाड वायर न्या, लाल आणि काळी. दर तीन फुटांना त्यातून बारीक वायर वर काढून रुळाला डाग द्या. लाल कायम बाहेरच्या रुळाला, काळी आतल्या. एवढं पाळलंत की नव्वद टक्के काम झालं.

टेबलाला चाकं लावा. ४ फूट खोल टेबल भिंतीला टेकलं की मागच्या कडेपर्यंत हात पोचत नाही, आणि गाडी नेमकी तिथेच पडते.

गंगापूररोड_एन

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त एक दुसरी बाजू मांडतो. एन स्केल (१:१६०, रूळ ९ मिलिमीटर) घेतला तर याच जागेत घाट खरंच बसतो. चढायची उंची जवळपास निम्मी होते, वळणं २५० मिलिमीटरमध्ये होतात. डोंगरापुढे गाडी छोटी दिसते, आणि घाटात ती तशीच दिसायला हवी.

मालगाडी_निवृत्त

बरोबर आहे तुमचं, देखाव्यासाठी एन उत्तम. पण भारतीय धाटणीचे डबे आणि इंजिनं एनमध्ये शोधणं फार अवघड जातं, आणि हा मुलगा इंजिनांचे नंबर टिपणारा आहे. त्याला नाशिकरोडला दिसणारी गाडीच हवी असणार. ताई, जाणकार आहेत म्हणून एकच सांगून ठेवतो: आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर, १:८७ मध्ये १९ मिलिमीटरहून जास्त भरते, आणि एचओचा रूळ १६.५ चा. म्हणजे भारतीय इंजिनाखाली रूळ किंचित अरुंद दिसेल. बहुतेक सगळे हे चालवून घेतात.

पंचवटी_मखर

डोंगरांचं मी सांगते. ताई, दिवाळीत तुमच्याकडे किल्ला होतो ना? तोच हात इथे चालवायचा. विटा-दगडांवर चिखलात भिजवलेलं गोणपाट टाकतो तसंच, फक्त विटांऐवजी टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारा थर्मोकोल, आणि गोणपाटाऐवजी जुनं सुती कापड प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून. थर्मोकोलला पांढरा फेव्हिकॉलच लावा. चपलांना लावतात ते रबरी सोल्यूशन किंवा स्प्रे पेंट लागला की थर्मोकोल विरघळून खड्डा पडतो.

माती विकत घेऊ नका. निफाडकडची काळी माती वाळवून आधी पिठाच्या चाळणीने, मग ओढणीच्या कापडातून चाळा. फेव्हिकॉल आणि पाणी समसमान, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी मातीवर मोत्यासारखं उभं राहतं, आत मुरत नाही.

आणि झाडं! द्राक्षाचा घड खाऊन झाला की उरतो तो देठाचा सांगाडा फेकू नका. उलटा धरून बघा, खोड आणि फांद्या तयार. सावलीत आठ-दहा दिवस खडखडीत वाळवा, ओलसर राहिला तर बुरशी येते. मग त्यावर घोसाळ्याची वाळलेली जाळी बारीक कुस्करून, हिरव्या रंगात बुडवून चिकटवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एका घरात जंगल होईल इतके देठ निघतात. एकलहरे करणार असाल तर जंगल कमी, बाभळी जास्त. आणि कोळसा खराच वापरा, इस्त्रीवाल्याकडचा, फडक्यात बांधून हातोडीने कुटून.

जेलरोडची_आई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला वाचून दाखवलं. घाट नाही म्हटल्यावर थोडा गप्प झाला, पण ‘इंजिन पुढून मागे लावायचं’ हे ऐकल्यावर लगेच वही काढली आणि सायडिंगचं चित्र काढायला बसला. एक शंका: रुळाखालची खडी म्हणून क्रशरची कच चाळून वापरू का? आमच्या मागे बांधकाम चालू आहे, तिथे ढीग आहे.

मालगाडी_निवृत्त

ताई, थांबा, हे महत्त्वाचं. आपला काळा दगड बेसाल्ट, त्यात लोहखनिजाचे कण असतात. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतं, ते हे कण वर ओढून घेतं. माझं पहिलं इंजिन असंच गेलं. मोटर उघडली तर आत काळी भुकटी दाटून बसली होती.

कच आणलीत की धुऊन वाळवा आणि वर्तमानपत्रावर पातळ पसरा. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून चार-पाच वेळा फिरवा. जे चिकटेल ते पिशवी उलटी करून बाहेर टाका. काहीच चिकटेनासं होईपर्यंत फिरवत राहा. फारच चिकटत असेल तर कच सोडा, विटेची किंवा फरशीची भुकटी करड्या रंगात रंगवा. पण हे सगळं नंतर. आधी नुसत्या प्लायवर रूळ ठोकून महिनाभर गाडी चालवा, पुढे आणि मागे, हळू आणि जोरात. जिथे घसरते तिथे मुलाला खडूने खूण करायला सांगा. सगळ्या खुणा पुसल्या गेल्या की मगच खडी पसरा, कारण फेव्हिकॉल वाळल्यावर रूळ हलत नाही.