बीपी-साखर ठीक, पण चाल?

कुणीतरी म्हणालं की बीपी, साखर ठीक असेल तर म्हातारं माणूस ठणठणीत समजावं. मला नाही पटलं. आमच्या रामबागेतल्या आत्याचे (वय ८१) सगळे रिपोर्ट नॉर्मल, पण पोह्यांचा डबा उघडायला शेजारची मुलगी लागायची. आणि राजवाड्यापर्यंत पायी जाणं कधी बंद झालं, ते आम्हाला कळलंच नाही.

अमेरिकेतल्या वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टर लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जर्जरतेच्या, म्हणजे म्हातारपणी शरीराची ताकद आणि तग धरण्याची क्षमता घटण्याच्या, पाच खुणा मांडल्या: वर्षभरात आपोआप साडेचार किलोंच्या वर घटलेलं वजन, सततचा थकवा, कमजोर पकड, मंद चाल, कमी हालचाल. तीन किंवा जास्त असल्या तर जर्जरता. एक-दोन असल्या तर उंबरठ्यावर. पकड मोजायला डायनामोमीटर लागतो, तो घरात कुठला! चाल मात्र मोजता येते. ओसरीत चार मीटर आखा, नेहमीच्या वेगाने चालायला सांगा. पाच सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे सेकंदाला ०.८ मीटरहून कमी, तर डॉक्टरांशी बोला. फक्त "पळायचं नाही" असं आधी बजावा. आमची आत्या हातात घड्याळ दिसलं की शर्यतच लावते.