भौतिकशास्त्र मेजर घेणाऱ्याला गणित मायनर सक्तीचं करावं का?

लंबक
राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे बी.एस्सी. सुरू झालं. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट (शिकवण्याच्या तासांवरून धरलेलं माप) आहेत, त्यातले ६० मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, आणि २४ मायनरचे, म्हणजे जोडविषयाचे. जुन्या पद्धतीत एफवायला फिजिक्सबरोबर गणित जवळपास ठरलेलंच असे. आता मायनर मुलंच निवडतात, त्यामुळे गणित सुटू शकतं. माझं स्पष्ट मत आहे की भौतिकशास्त्र मेजर असेल तर गणित मायनर सक्तीचं हवं. व्हेक्टर कॅल्क्युलस न येणारा मुलगा मॅक्सवेलची (विद्युतचुंबकत्वाची) समीकरणं नुसती पाठ करतो. मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू म्हणजे काय हे न कळताच क्वांटमचा पेपर पास होतो. मग एम.एस्सी.चं पहिलं सत्र कच्चं राहिलेलं गणित भरून काढण्यात जातं. निवडीचं स्वातंत्र्य ओपन इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या ऐच्छिक विषयांत द्या, तिथे मुलांना हवं ते घेऊ दे.

तालुक्याची_मास्तरीण
लंबक सर, सक्ती मला मान्य नाही. गणित विभागाच्या मायनरमध्ये एप्सिलॉन-डेल्टाच्या काटेकोर सिद्धता येतात, ग्रुप आणि रिंग असं अमूर्त बीजगणित येतं. सुंदर विषय आहेत. पण हायड्रोजन अणूचं श्रोडिंगर समीकरण सोडवायला मुलांना लेजांद्र बहुपदी लागतात, इतर ठिकाणी फूरिए (तरंग वेगवेगळ्या वारंवारतांत मोडायची पद्धत) लागतो. ते आम्हा फिजिक्सवाल्यांच्याच मॅथेमॅटिकल मेथड्सच्या पेपरात शिकवावं आणि तो पेपर इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या आधीच्या सत्रात ठेवावा.

शिवाय आमच्याकडे गणिताचं मंजूर पद रिकामं आहे. तासिका तत्त्वावर एक सर येतात, त्यांची नेमणूक व्हायला कधी कधी सप्टेंबर उजाडतो. अशात सक्ती केली तर मुलं सरळ केमिस्ट्रीला जातील, आणि वर्कलोड घटला की फिजिक्सचीही पदं जातील.

शेवटचा_बाक
मी फिजिक्स मेजर, इलेक्ट्रॉनिक्स मायनर. तुम्ही सगळे जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) आणि एम.एस्सी. धरून बोलताय. मला सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर शिकून चाकणला नोकरी करायची आहे. मायनरचे २४ च्या २४ गणिताला गेले तर इलेक्ट्रॉनिक्स मी कुठे बसवायचं?

लंबक
सेन्सरच्या सिग्नलमधून नॉइज वेगळा काढताना फूरिए तुला रोज लागेल.

मॅडम, मेथड्सचा चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास. व्हेक्टर, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॉम्प्लेक्स, फूरिए असे पाच विषय धरले तर एकेकाला बारा तास मिळतात. त्यात उदाहरणं सोडवणार कधी? आणि शाळेत शिकवायला जाणाऱ्यांचाही विचार करा. बी.एड.ला विज्ञानाबरोबर गणित ही दुसरी अध्यापन पद्धती घेणारे आपल्याकडे कितीतरी आहेत.

डार्करूम
दोन्हीकडून थिअरीचंच चाललंय. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास असतात. दोन क्रेडिटला पंधरा आठवडे, आठवड्याला चार तास. कागदावर भरपूर आहेत. पण बॅच वीस मुलांची आणि चालू स्पेक्ट्रोमीटर दोन असले की बाकीचे मागच्या वर्षीच्या जर्नलातून रीडिंग उतरवतात. मला सगळ्यात जास्त हे टोचतं.

न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग घ्या, काचेवर लेन्स ठेवून दिसणाऱ्या प्रकाशाच्या वलयांचा. वलयांच्या व्यासाचा वर्ग आणि वलयाचा क्रमांक यांचा आलेख सरळ रेषेत येतो, सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी माहीत असली की रेषेच्या चढावरून लेन्सची वक्रता त्रिज्या निघते. इथवर सगळे करतात. उत्तरापुढे अधिक-उणे किती, म्हणजे मोजमापात चूक किती असू शकते, हे विचारलं की वर्ग गप्प. गणिताची गरज मुलांना तिथे स्वतःहून कळते, आणि आपण नेमकं तेच गाळतो.

सत्राला दहा प्रयोग कशाला? सहा ठेवा. प्रत्येक प्रयोग दोनदा करू द्या, लीस्ट स्क्वेअर फिट (रीडिंगच्या बिंदूंना सगळ्यात जवळची रेषा काढणं) पायथनमध्ये करून घ्या. चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्चला १२ क्रेडिटचा प्रकल्प आहे, त्याला आधीच्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. उतरवलेल्या रीडिंगवर ते टक्के मिळवलेला मुलगा प्रकल्पात काय मोजणार?

तालुक्याची_मास्तरीण
सहा प्रयोगांना माझा पूर्ण पाठिंबा. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक जर्नलातली प्रयोगांची संख्या मोजतात, ते आधी थांबायला हवं.

लंबक
प्रयोगांचं मलाही पटतं. गणितावर मात्र मी ठाम आहे. २४ जड वाटत असतील तर पहिल्या वर्षी सगळ्यांना आठ क्रेडिट गणित द्या, पुढे मायनर कोणताही घेऊ दे.

तालुक्याची_मास्तरीण
आठ चालतील, पण दोन अटींवर. त्या आठांत काय शिकवायचं हे दोन्ही अभ्यास मंडळांनी एकत्र बसून ठरवावं, आणि शिकवणारा माणूस जूनमध्ये वर्गात हवा.