सरकारी पैशातून घडलेली लस खाजगीत इतकी महाग का?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)

आमची मुलगी दीड महिन्याची झाली तेव्हा धंतोलीतील एका बालरोगतज्ज्ञांनी न्यूमोकोकल लस (न्यूमोकोकस या जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियासारख्या आजारांवरची) सुचविली आणि एका डोसचे जवळपास चार हजार रुपये सांगितले. शेजारच्या बाळाला हीच लस मनपाच्या आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळाली. दोन्हींत फरक आहे काय? शिवाय लसींच्या संशोधनात सरकारचा, म्हणजे आपलाच, पैसा गुंतलेला असेल, तर किंमत ठरविताना सरकारला काहीच बोलता येत नाही काय?

उत्तर १ (सक्करदरा; आरोग्य खात्यातून निवृत्त)

रोग एकच, लसी वेगळ्या असू शकतात. या जिवाणूचे उपप्रकार अनेक असून खाजगीतील महाग लस १३ किंवा त्याहून अधिक उपप्रकारांवर चालते, तर केंद्रात मिळू शकणारी, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० च्या अखेरीस आणलेली लस आशिया-आफ्रिकेत जास्त आढळणाऱ्या उपप्रकारांचा विचार करून निवडलेल्या १० उपप्रकारांवर आहे. सार्वत्रिक लसीकरणात न्यूमोकोकल लस २०१७ मध्ये काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तिचे तीन डोस असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, तरीही सुस्थितीतील कुटुंबे केंद्राच्या रांगेत उभी राहायला का संकोचतात, हे कोडे मला नोकरीभर सुटले नाही.

उत्तर २ (प्रतापनगर)

किमतीविषयी सरकारला बोलता येते, पण ते पैसा देतानाच बोलावे लागते. रोटाव्हॅक ही अतिसारावरील लस दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बालकांत सापडलेल्या विषाणूपासून तयार झाली आणि तिच्यामागे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, परदेशी संस्था व भारत बायोटेक असे सगळे होते. तेथे सरकारी खरेदीसाठी एका डोसला एक डॉलर ही बोली आधीच झाली होती. कोव्हॅक्सिनचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने दिला आणि विक्रीवर ५ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेला मिळेल असे ठरले. परंतु एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने केंद्राला १५०, राज्यांना ६०० (पुढे ४००) आणि खाजगी रुग्णालयांना १,२०० रुपये असे दर जाहीर केले. स्वामित्वधनाने आयसीएमआरच्या तिजोरीत भर पडते, रुग्णालयातील बिल त्याने उतरत नाही.

उत्तर ३ (महाल)

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. सरकारी दर इतका कमी असतो की कंपनी आपला नफा खाजगी बाजारातच शोधणार, आणि तो बाजारही बांधून टाकला तर पुढच्या लसीत पैसा घालायला कोणी धजणार नाही. त्यापेक्षा खरेदीची हमी अधिक कामाची. न्यूमोकोकल लसीसाठीच काही देश व गेट्स फाउंडेशन यांनी मिळून दीड अब्ज डॉलरची आगाऊ हमी दिली होती, आणि सीरमने गरीब देशांसाठी दोन डॉलरचा दर मान्य केला. शहरांनाही पुढाकार घेता येतो: टायफॉइडची नवी लस नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मोहीम काढून मुलांना दिली. आपल्या मनपाच्या अंदाजपत्रकावर चर्चा होते तेव्हा रस्त्यांपलीकडे हा विषय कोणी काढल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मुलीचे कार्ड घेऊन या आठवड्यात केंद्रात जाते. डॉक्टरांना मात्र एक विचारायचेच आहे, की ही लस विनामूल्य मिळते हे त्यांनी मला का सांगितले नाही?