विदर्भ की मुंबई? सहा गडी पडल्यानंतरचा हिशोब कोणी मांडेल का?

वर्धेकर_डोंबिवली

सोमवारी, १७ फेब्रुवारी २०२५ ला, नागपूरजवळच्या जामठ्याला रणजीची उपांत्य लढत सुरू होतेय. मी मूळचा वर्ध्याचा, गेली एकोणीस वर्षं डोंबिवलीत. रविवारच्या विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, पाचही दिवसांची रजा टाकलीय. ऑफिसात सगळे मुंबईवाले, त्यांच्याशी बोलून डोकं शांत होत नाही, म्हणून इथे विचारतो.

यंदाची कामगिरी पाहिली तर विदर्भ वरचढ आहे, यात मला शंका नाही. साखळीत सातपैकी सहा सामने जिंकून ४० गुण. हर्ष दुबेचे ५९ बळी झालेत, मोसमाचा ६८ चा विक्रम आवाक्यात आलाय. यश राठोडच्या ७२८ धावा. करुण नायरने विजय हजारे या एकदिवसीय स्पर्धेत पाच शतकं ठोकली आणि परवा तामिळनाडूविरुद्ध पुन्हा १२२ केल्या. तो सामना आपण १९८ धावांनी घेतला. मुंबईचं मात्र यंदा अडखळतच चाललंय. बडोद्याकडून हरले. मग जानेवारीत बीकेसीवर, स्वतःच्या अंगणात, जम्मू-काश्मीरकडून हरले. तेही संघात रोहित, जयस्वाल, रहाणे, श्रेयस, शिवम दुबे, शार्दूल असे सगळे असताना.

पण बाद फेरी आली की मुंबईचं काहीतरी वेगळंच होतं, आणि ते नेमकं कुठे होतं तेही मला आता दिसायला लागलंय.

मागच्या वर्षी १४ मार्चला मी वानखेडेवर होतो. मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस, आपलं लक्ष्य ५३८. आपला कप्तान अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे सकाळपासून हलत नव्हते. शेजारी दादरचे एक आजोबा बसले होते, त्यांनी डबा उघडून मला थालीपीठ दिलं आणि म्हणाले, "तुमची पोरं काढतात वाटतं." उपाहाराला ५ बाद ३३३. अजून २०५ हव्या होत्या, पण ज्या पद्धतीने खेळत होते ते पाहून मला खरंच वाटलं की होईल. वाडकरचं शतकही झालं. आणि मग ३५३ वर मुंबईच्या कोटियनने त्याला पायचीत पकडलं. हात धुवून जागेवर येईपर्यंत सामना उरकला होता. ३६८ सर्वबाद. शेवटचे पाच गडी १५ धावांत.

याच्या समोर मुंबईचं ठेवा. गेल्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या कोटियन आणि तुषार देशपांडे दोघांचीही शतकं, अखेरच्या जोडीच्या २३२ धावा. उपांत्य फेरीत तामिळनाडूविरुद्ध ७ बाद १०६ वरून ३७८, शार्दूल १०९. अंतिम सामन्यात आपण त्यांना बिनबाद ८१ वरून ६ बाद १११ केलं होतं, तरी शार्दूलने ७५ काढून २२४ पर्यंत नेलं. आणि आता गेल्या आठवड्यात कोलकात्याच्या ईडनवर उपांत्यपूर्व फेरीत हरियाणाविरुद्ध ७ बाद ११३ वरून ३१५. मुलानी ९१, कोटियन ९७.

त्यांचे शेवटचे तीन २०२ करतात आणि आपले शेवटचे पाच १५. मला इतकंच विचारायचंय: मुंबईचे सहा पडल्यावर विदर्भाने काय करावं? आणि आपले सहा पडले तर?

---

जामठ्याचा_गडी

भाऊ, तू येऊन राह्यला न, मंग एवढं टेन्शन कायले घेतं? मागच्या वर्षी त्यायचं घर होतं, यंदा आपलं हाये.

२०१८ चा डिसेंबर आठवते का? नागपुरात मुंबईले एक डाव आन १४५ धावांनी पाडलं होतं. वसीम जाफरने १७८ मारले होते आपल्याकडून, आन सरवटेनं त्यायचा दुसरा डाव गुंडाळला होता. तवा कुठं गेली होती त्यायची शेपटी, म्हंजे तळाचे फलंदाज? ११४ मंदी सारे आउट.

मले एकच गोष्ट खटकते. सरवटे आता केरळले गेला. मंग हर्षच्या दुसऱ्या बाजूनं कोण? मी म्हणतो पार्थ रेखाडेले खेळवा. डावखुरा फिरकी हाये, मुंबईचे वरचे बहुतेक उजव्या हातानं खेळतात, चेंडू बाहेर जाईन. दोन्हीकडून डावखुरा लावला तर मुलानीसारख्या डावखुऱ्यासाठी कोण, असं लोक विचारतीन. मी म्हणतो, मुलानी येईपर्यंत वरचे तर काढा पह्यले!

---

आझाद_मैदान_६१

वर्धेकर, तुम्ही नाडी बरोबर पकडलीत. मी मुंबईचा, सोमवारी मुंबईच जिंकावी म्हणून देवाला नारळ ठेवणार आहे, तरी तुम्हाला खरं तेच सांगतो.

आमच्याकडे 'शेपूट' हा प्रकार लहानपणीच मोडून काढतात. मी पंधरा वर्षं कांगा लीग, म्हणजे मुंबईतली पावसाळी क्लब स्पर्धा, खेळलो, डावखुरी फिरकी टाकायचो. भर पावसाळ्यात, ओल्या मैदानावर, गवत घोट्यापर्यंत. चेंडू मारला तरी तीस पावलांवर चिखलात रुतून बसायचा. ऐंशी धावांत डाव आटोपायचे. तिथे नवव्या क्रमांकाने काढलेल्या चौदा धावांवर सामना फिरतो. आमचे कप्तान नेट्समध्ये गोलंदाजांना शेवटी पॅड बांधायला लावायचे, अंधार पडायला आलेला असायचा, आणि सांगायचे: "फटका नको. बाद होऊ नकोस, एवढंच." एकदा मी तिथे अर्धा तास फक्त पुढचा पाय टाकून चेंडू अडवले, दुसऱ्या दिवशी मांडी उचलत नव्हती. पुढच्याच रविवारी अकराव्याला घेऊन सतरा धावा काढल्या आणि आम्ही जिंकलो. मुंबईच्या खडूसपणाबद्दल लोक बोलतात, तो मी असा शिकलो.

आज कोटियन, मुलानी, शार्दूल हे कुठल्या क्रमांकावर येतात ते विसरून जा. ते फलंदाज आहेत. गेल्या ऑक्टोबरात लखनौला इराणी करंडकात मुंबईचा दुसरा डाव ढासळत होता, तेव्हा कोटियननेच नाबाद ११४ करून सामना हातातून जाऊ दिला नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सहा गडी पडले की बहुतेक कप्तान क्षेत्ररक्षण पसरवतात. जम बसलेल्याला एक धाव देऊन टाकायची आणि समोरच्या 'कच्च्या' फलंदाजाला पकडायचं. मुंबईविरुद्ध हे विष आहे, कारण समोरचा कच्चा नसतोच. तुम्ही एक-एक धाव देत राहता, दोघंही जम बसवतात आणि चहापानापर्यंत दीडशेची भागीदारी झालेली असते. वाडकरने ६ बाद असतानाही २ बाद असल्यासारखंच क्षेत्ररक्षण लावावं. स्लिप, शॉर्ट लेग, सिली पॉइंट, झेलासाठी जवळ उभे राहणारे सगळे जागेवर. चार चौकार गेले तर जाऊ देत.

आता माझ्या संघाचं दुखणं. आमचे वरचे टिकत नाहीयेत. ईडनवर ४ बाद २५ होते. जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिल्या डावात १२०. दर वेळी खालच्यांनी तारायचं, ही काही पद्धत झाली नाही. एखाद्या दिवशी खालचेही माणसंच ठरतात. अजिंक्यने ईडनवर दुसऱ्या डावात १०८ केल्या, सूर्याने ७०, म्हणून थोडा जीवात जीव आला. शिवाय धवल कुलकर्णी आता निवृत्त झालाय. तुमचा गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यातला १०५ चा डाव आठवा, त्याची सुरुवात धवलनेच केली होती, १५ धावांत ३ बळी. शार्दूलने हरियाणाचे सहा काढले आणि दुसऱ्या डावात रॉयस्टन डायसने पाच, पण नव्या चेंडूवर धवलसारखा एका टप्प्यावर तासभर टाकणारा मला यंदा दिसत नाही.

---

स्कोअरबुक_अमरावती

मी कॉलेजच्या आणि जिल्ह्याच्या सामन्यांची गुणलेखिका. भावनेपेक्षा वहीत जे दिसतं ते लिहिते.

जामठ्याचा गेल्या वर्षीचा उपांत्य सामना काढून पाहा. मध्य प्रदेशविरुद्ध विदर्भ पहिल्या डावात १७०. मध्य प्रदेश २५२. म्हणजे ८२ ची पिछाडी. दुसऱ्या डावात विदर्भ ४०२, राठोड १४१, वाडकर ७७, आणि शेवटी ६२ धावांनी विजय. त्या सामन्यात विदर्भाला फलंदाजी सोपी झाली ती दुसऱ्या डावात, पहिल्या दिवशी नाही. मग सोमवारी सकाळी कोणाची बॅट आधी बाहेर येते आणि पहिले दोन तास कोण निभावतं, हे मला सातव्या-आठव्या गड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. विदर्भाची ताकद आहे ती सहाव्या क्रमांकाच्या राठोडात. वरचे पडले तरी तो उभा राहतो. तामिळनाडूविरुद्ध दुसऱ्या डावात ११२ केल्या त्या हर्षला सोबत घेऊन, हर्षच्या ६४. म्हणजे वानखेडेनंतर या संघाने खालच्या फळीचं काहीच केलं नाही असं म्हणणं बरोबर नाही, वर्धेकर दादा. विजय हजारेच्या अंतिम सामन्यात हरलो खरं, पण तिथेही हर्षने तळाला ३० चेंडूंत ६३ मारल्या होत्या.

आणि एक धाव कमी लेखू नका. परवा १२ तारखेला पुण्याजवळ गहुंजेला केरळ उपांत्य फेरीत गेलं ते कशावर? पहिल्या डावात केरळ २८१, जम्मू-काश्मीर २८०. सामना अनिर्णित, आघाडी एका धावेची. पाच दिवसांत निकाल लागला नाही तर इथेही तोच नियम. अकराव्याने ढकललेली एक धाव, लेग बाय, नो-बॉल, सगळं मोजलं जाणार. मी वहीत अवांतर धावांचा रकाना नेहमी लाल शाईने लिहिते. सोमवारी विदर्भाच्या गोलंदाजांनी तो रकाना रिकामा ठेवावा.

---

वर्धेकर_डोंबिवली

ताई, तुमचं म्हणणं मान्य. मी त्या १५ धावांत इतका अडकलो होतो की राठोड आणि हर्षची भागीदारी नजरेआड केली. आज सकाळी ती पुन्हा पाहिली.

काका, क्षेत्ररक्षणाचं तुम्ही सांगितलंत ते वाचून डिसेंबरातली टी-ट्वेंटीची उपांत्यपूर्व लढत आठवली. आपण २२१ केल्या होत्या, तरी मुंबईने चार चेंडू राखून काढल्या. रहाणेने ८४ मारल्या, पण शेवट केला तो त्यांच्या शिवम दुबे आणि शेडगे यांनी. तोही खालचाच भाग. नऊ महिन्यांत बाद फेरीचे दोन सामने आपण त्यांना असे दिलेत.

सगळं धरून माझं मत विदर्भाकडेच जातं, आणि ते मी फक्त वर्ध्याचा म्हणून देत नाही. घरचं मैदान, हर्षची लय, नायर आणि राठोड. पण हे मत मी मुंबईचा आठवा गडी पडेपर्यंत मोठ्याने बोलणार नाही.

जामठ्याच्या गड्या, मी नागपूरपर्यंत येतच नाही. सकाळी वर्ध्याला उतरतो, भाऊ गाडी घेऊन स्टेशनवर येतोय, जामठा त्याच रस्त्यावर आहे. साडेनऊचा पहिला चेंडू चुकला तर भावाशी भांडण होईल. आईला थालीपीठं जास्तीची करायला सांगितली आहेत.