भाऊ पॅरा कमांडोला जातोय, काय सांगून पाठवू?

दारव्ह्याकडच्या खेड्यातून लिहिते. माझा लहान भाऊ चार वर्षांपासून फौजेत आहे. आता पॅरा एसएफसाठी, म्हणजे पॅरा कमांडोसाठी, त्यानं स्वतःहून नाव दिलंय. सुटीवर आलाय, तर पऱ्हाटीची डवरणी उरकून पाठीवर रेतीचं पोतं घेऊन कॅनॉलच्या कडेनं धावतो. अंगमेहनतीची काळजी नाही. ऑस्ट्रेलियाच्या एसएएसनं, म्हणजे तिथल्या कमांडो पलटणीनं, अफगाणिस्तानात निःशस्त्र लोक मारले, ते वाचल्यापासून झोप नाही. भावाला दाखवलं तर म्हणाला, "ताई, उस्ताद म्हणेल ते करायचं असते." उस्ताद म्हणजे त्यांना शिकवणारा हवालदार. आई म्हणते, "माह्या लेकराच्या हातून काही वाईट नोको होवाले." जाणत्यांनी सांगावं.

निवृत्त सुभेदार, बुलडाणा:
ताई, तो ब्रेरेटन अहवाल, ऑस्ट्रेलियाच्या फौजेच्या चौकशीचा, नोव्हेंबर २०२०. ३९ अफगाणांच्या बेकायदा हत्या आणि २५ सैनिकांचा सहभाग, अशी विश्वासार्ह माहिती त्यात आहे. नव्या पोराच्या हातून पहिला माणूस मरावा म्हणून त्याला कैद्यावर गोळी झाडायला लावत. मग प्रेताशेजारी बंदूक नाहीतर वायरलेस ठेवून फोटो. हुकूम देणारे कोण? कॉर्पोरल, सार्जंट. आपल्याकडचे नाईक-हवालदार समजा. वरच्या अधिकाऱ्यांना पत्ता नव्हता म्हणतात, ते मला पचत नाही. जो रोज सोबत जेवतो, जीव वाचवतो, त्यालाच पोरं देव मानतात, आणि तिथंच घात होतो.
आमच्या पलटणीत एका हवालदारानं नव्या पोट्ट्याला बेल्टनं मारलं. सकाळी हात इतका सुजला की बुटाची लेस बांधता येईना. मी बांधून दिली, पण साहेबासमोर तोंड उघडलं नाही. आजही सलते. भावाला म्हणा, नाही कधी म्हणायचं ते घरूनच ठरवून जा. तिथं विचार करायला वेळ मिळत नाही.

वकील, वर्धा:
आर्मी ॲक्ट १९५०, कलम ४१ वाचून दाखवा. वरिष्ठाचा 'कायदेशीर' हुकूम मोडणं हा गुन्हा, असं त्यात आहे. तो शब्द कायद्यातलाच आहे. अन्याय झाला तर कलम २६ प्रमाणे जवान कंपनी कमांडरकडे तक्रार करू शकतो. तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे.

मूळ धागाकर्ती:
सुभेदारकाका, तुमचं त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग विचारलं, कैद्याचे हात बांधलेले आहेत, उस्ताद म्हणतो गोळी झाड, तर? बराच वेळ कासऱ्याची गाठ सोडत बसला. म्हणाला, "नाही झाडणार. पण हे मले आधी कोणी विचारलंच नव्हतं." दोन्ही कलमं वहीच्या पानावर उतरवून पाकिटात ठेवलीत. परवा वर्ध्याहून गाडी आहे.