एका डोळ्यानं सुईत दोरा का जात नाही?

डाव्या डोळ्यावर चार दिवस पट्टी आहे. काल दोरा ओवायला बसले, तर दर वेळी सुईच्या अलीकडेच! पेल्यात पाणी ओततानाही धार बाहेर. दिसतं तर स्वच्छ. मग चुकतं काय?

उत्तर १: दोन डोळ्यांत साधारण ६ सेंटिमीटर अंतर, म्हणून दोन चित्रं किंचित वेगळी. त्या फरकावरून मेंदू खोली, म्हणजे वस्तू किती लांब आहे, ते काढतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्ये आरसे लावून, प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र देऊन हेच दाखवलं. नाकासमोर अंगठा धरून डोळे आलटूनपालटून मिटा (पट्टी सुटल्यावर हं!), अंगठा उडी मारेल.

उत्तर २: तोवर डोकं डावी-उजवीकडे हलवून बघा, जवळची वस्तू जास्त सरकते. ओतताना भांड्याचं तोंड पेल्याच्या काठाला टेकवा.

प्रश्नकर्ती: टेकवलं, सांडलं नाही. दोरा मात्र अजून बाहेरच.