फिलिपिन्सची 'मुक्ती' नक्की कुणी केली?

दगडफूल (धागाकर्ता)
लेयटे बेटाच्या किनाऱ्याकडे गुडघाभर पाण्यातून चालत येणारा अमेरिकन जनरल मॅकआर्थर, हा २० ऑक्टोबर १९४४चा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याच फोटोत फिलिपिन्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सर्जिओ ओस्मेन्याही पाण्यातून चालताहेत. त्यांचं नाव किती जणांना आठवतं? माझं दुखणं तेच आहे. 'दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपान्यांच्या ताब्यातून बेटं सोडवली' असं आपण सरसकट म्हणून मोकळे होतो. अहो, त्याआधीची दोन-अडीच वर्षं जंगलात राहून जपान्यांशी लढत कोण होतं?

पनाय बेटाचं उदाहरण घ्या. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन तिगबावानला उतरले तेव्हा बेटाचा बहुतेक ग्रामीण भाग मकारिओ पेराल्टाच्या गनिमी तुकड्यांच्या हातात होता. किनाऱ्यावर गोळ्यांऐवजी कडक खाकीत रांगेने उभे गुरिल्ले स्वागताला! काबानातुआनच्या जपानी युद्धकैदी छावणीवरचा छापाही तसाच. पाचशेहून अधिक युद्धकैदी सोडवले म्हणून अमेरिकन रेंजर्सचं कौतुक होतं, आणि ते व्हावंच. पण काबू ओढ्यावरच्या पुलाशी हुआन पाहोताच्या माणसांनी जपान्यांना रोखून धरलं नसतं तर? चालता न येणारे कैदी रेड्यांच्या गाड्यांतून निघाले. वाटेतल्या गावांतून गाड्या येऊन मिळत गेल्या, शेवटी तांडा शंभरावर गेला. त्या गाडीवानांचं नाव कुणी लिहून ठेवलंय?

तोफखाना
भावना पोचल्या. पण लुझोन या मुख्य बेटावर जपानी जनरल यामाशिताचं अडीच लाखांवर सैन्य होतं. ते काय बोलो (तिथला कोयता) आणि घरी बनवलेल्या बंदुका घेऊन हाकलणार होते? आरमार, रणगाडे, विमानं आली म्हणून बेटं सुटली. शिवाय अमेरिकन नौदलातल्या अ‍ॅडमिरल किंगला फिलिपिन्स बाजूला ठेवून थेट फोर्मोसावर (आजचं तैवान) जायचं होतं. तसं झालं असतं तर तिथल्या लोकांचे हाल आणखी किती महिने चालले असते, याचा विचार करा. मॅकआर्थर गर्विष्ठ होता, मान्य. पण बेटं सोडून गेल्यावर 'परत येईन' म्हणाला आणि आला.

चिंचगूळ
आला, आणि मनिला गेलं. ३ फेब्रुवारी ते ३ मार्च १९४५, एक महिना. सुमारे एक लाख नागरिक मेले. अमेरिकन सैनिक हजाराच्या घरात. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा आणि मग 'मुक्ती' म्हणा.

तोफखाना
चिंचगूळ, अर्धी गोष्ट सांगू नका. यामाशिताला शहरात लढायचंच नव्हतं. जपानी अ‍ॅडमिरल इवाबुचीच्या नौसैनिकांनी शहर सोडलं नाही आणि घराघरांत, चर्चमध्ये, इस्पितळांत कत्तली केल्या. मॅकआर्थरने शहरावर विमानातून बाँब टाकायला मनाई केली होती.

चिंचगूळ
विमानातून मनाई, तोफांतून नाही! इंत्रामुरोसच्या (मनिलाचं जुनं तटबंद शहर) जुन्या भिंतींवर तोफा डागल्या तेव्हा आत हजारो माणसं अडकलेली होती. कत्तल आणि तोफमारा एकाच पारड्यात मी टाकत नाहीये. पण तोफेच्या गोळ्याने मेलेल्याच्या घरच्यांना 'तुम्ही मुक्त झालात' कसं सांगायचं, एवढंच विचारतेय.

दगडफूल
लोस बान्योसच्या जपानी नजरकैद छावणीचंही तेच. २३ फेब्रुवारीला छत्रीधारी सैनिक आणि गुरिल्ले मिळून २,१४७ नजरकैदी सोडवून नेतात. लष्करी कामगिरी म्हणून अफलातून. नंतर जपानी परत येतात आणि आसपासच्या गावांतली सुमारे दीड हजार माणसं मारतात. त्यांना नेणारं वाहन नव्हतं.

आणि एवढं करून मिळालं काय? फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या बहुतेक फिलिपिनो सैनिकांचे माजी सैनिक म्हणून असलेले लाभ काढून घेतले. २००९ मध्ये एकरकमी भरपाई आली: अमेरिकी नागरिक असाल तर १५,००० डॉलर, नसाल तर ९,०००. तोपर्यंत बरेच जण गेलेले.

तोफखाना
ही फसवणूकच, इथे वाद नाही. पण ४ जुलै १९४६ला अमेरिकेने आपल्या या वसाहतीला ठरल्याप्रमाणे स्वातंत्र्य दिलं, हेही लिहा. त्याच सुमारास डच इंडोनेशियात आणि फ्रेंच व्हिएतनाममध्ये बंदुका घेऊन परतत होते.

चिंचगूळ
दिलं ना. वर ९९ वर्षांच्या कराराने लष्करी तळ ठेवून घेतले. आणि जपान्यांशी लढलेल्या हुक शेतकऱ्यांची (डाव्या गनिमांची) हत्यारं काढून घेतली, त्यांचा नेता लुइस तारुकला तुरुंगात टाकलं. 'ठरल्याप्रमाणे'.

निरभ्र
मी फक्त वाचत होते. होसेफिना गेरेरोचा उल्लेख अजून कसा आला नाही? तिला कुष्ठरोग होता. जपानी पहारेकरी अंगावरचे चट्टे बघून झडती न घेता लांब व्हायचे, म्हणून ती हेर झाली. मनिलाच्या वाटेवरच्या सुरुंगांचा नकाशा पाठीला चिकटवून ती चालत अमेरिकन तुकडीपर्यंत पोचली.

तोफखाना, तुमचे रणगाडे त्या नकाशाशिवाय किती पुढे गेले असते? आणि दगडफूल, तो नकाशा ती नेऊन देणार तरी कुणाला होती, रणगाडेच नसते तर? युद्धानंतर तिला तालाच्या कुष्ठधामात राहावं लागलं. १९४८ मध्ये उपचारासाठी अमेरिकेत नेलं, पदकही दिलं. नागरिकत्व मात्र १९६७ मध्ये, तेही मधल्या काळात देशाबाहेर काढायच्या नोटिशीला तोंड देऊन.